शेवटून तिसरा आकडा

यावलला बसस्टँडासमोर, पंक्चरवाल्याच्या डोक्यावर
माझं टायपिंगचं दुकान.
पाटीवर अजून 'इन्स्टिट्यूट' आहे,
मशीनं भंगारात गेली त्याला चौदा वर्षं झाली.
बायोडाटा तीस रुपये, फोटो चिकटवून पस्तीस.
मे महिन्यात कीबोर्डसुद्धा चटके देतो
आणि नेमकी मेमध्येच पोरं येतात,
निकालाचा कागद चार घड्या करून खिशात,
घामानं घडीवरचे मार्क पुसट.

म्हणतात, ताई, त्याच्यासारखाच काढून द्या.
त्याच्यासारखा म्हणजे कोणाचा?
फिरकेच्या पोरानं कुठूनसा आणलेला एक नमुना
अख्ख्या तालुक्यात पसरलाय गोवरासारखा.
पहिली ओळ: 'आव्हानात्मक वातावरणात स्वतःला सिद्ध करणे.'
अरे, जळगावच्या चटईच्या कारखान्यात
रात्रपाळीला सुपरवायझर हवाय.
मशीन अडकलं तर तू काय करशील,
एवढंच त्याला बघायचंय.

छंद: वाचन.
शेवटचं काय वाचलंस?
पोरगं पंख्याकडं बघतं.
खोड.

जात, उंची, रक्तगट, मामाचं गाव.
नोकरी मागतोयस का सोयरीक?

ईमेलचा पत्ता 'सातपुड्याचा किंग'.
साहेब हसेल रे, पोटभर हसेल,
आणि हसून झालं की कागद बाजूला ठेवेल.

भाषा: मराठी, हिंदी, इंग्रजी.
आणि घरात बोलतोस ती?
'तावडी? ती काय लिहायची ताई!'
लिही. माल खरेदीला बांधावर जाशील
तेव्हा शेतकऱ्याशी इंग्रजी झाडणार आहेस?

मुराद तडवी आला तेव्हा दुपारचे दोन.
बीएस्सी, पंचावन्न टक्के, पुढं दोन वर्षं कोरी.
दप्तर छातीशी घट्ट धरून बसला.
'तारखा जराशा इकडंतिकडं करता येतील का?'
काय करत होतास?
'काही नाही. केळीच्या कटाईत होतो.'
काही नाही म्हणजे किती?
मग एकेक निघालं, ओढून काढल्यासारखं:
चौदा माणसांची टोळी, हजेरी ह्याच्याकडं,
घड मोजायचे, काट्याजवळ उभं राहायचं,
ट्रक हलायच्या आत कागद पुरे करायचे.
एकदा दीड क्विंटलचा घोळ ह्यानं धरला,
व्यापाऱ्यानं आधी आई-बहीण काढली,
दुसऱ्या दिवसापासून वजनाला हाच.
'ह्याला का अनुभव म्हणतात?'
दप्तर खाली घसरलं तेव्हा दिसले
शर्टावरचे चिकाचे डाग.
केळीचा चीक धुतल्यानं जात नाही,
उलट काळा होत जातो.

ती दोन वर्षं मी टाइप केली.
चौदा माणसं, दीड क्विंटल, सगळं.
पदरचं एक अक्षर घातलं नाही.
पान दीड झालं होतं, एकावर आणलं.

आता नंबर.

हेमलता भारंबेचं मी कोणाला सांगत नाही.
नऊ वर्षं झाली. डिप्लोमाला पहिली आलेली,
बायोडाटा इतका नेटका की मीच दोनदा बघितला,
नुसता बघितला, वाचला नाही.
कंपनीनं तीनदा फोन केला.
तो दोंडाईच्याच्या कुण्या मिरचीवाल्याकडं वाजला
आणि त्यानं तीनदा सांगितलं, राँग नंबर.
महिन्यांनी तिथल्या कारकुनानं तिला कागद दाखवला.
ती तोच कागद घेऊन माझ्याकडं आली.
भांडली नाही, वीस रुपये परत मागितले नाहीत.
फक्त विचारलं,
'सहा आणि नऊ शेजारी असतात का ताई, कीबोर्डवर?'
उजव्या कोपऱ्यात, एकावर एक.
म्हटलं, हो.

वाच मुराद. आकडा आकडा, मोठ्यानं.
तो लाजला, मग उभा राहिला
आणि घड मोजताना काढतात त्या आवाजात
दहाच्या दहा आकडे म्हणाला.
खाली पंक्चरवाल्यानं टायर थांबवून वर बघितलं.

परत, मी म्हटलं.
शेवटून म्हण.